अनुभव धागा: शाल, श्रीफळ आणि मागच्या रांगेतून दिसलेलं

कराडजवळच्या एका गावात राहतो. आमच्याकडे १२ मार्च आणि २५ नोव्हेंबर या तारखा कॅलेंडर न बघता कळतात: यशवंतराव चव्हाणांची जयंती आणि पुण्यतिथी. प्रीतिसंगमावर सकाळपासून गाड्या लागतात, समाधीवर फुलं वाहिली जातात आणि संध्याकाळी कुठे ना कुठे व्याख्यान असतं, नाहीतर पुरस्कार. गेली बावीस वर्षं मी अशाच एका लहानशा व्याख्यानमालेच्या समितीत आहे. समितीत म्हणजे पत्रिकेवर नाव शेवटून दुसरं आणि काम सतरंज्या मोजून घेणे, मोजून परत देणे.

पुढाऱ्यांच्या नावाची व्याख्यानं, त्यांना मिळणारे पुरस्कार, स्वातंत्र्यसैनिकांचे सत्कार यांवर आपण बोलतो ते एकतर भारावून, नाहीतर तिरकं. मला दोन्ही नको आहेत. तुम्ही त्या हॉलमध्ये कुठे होतात? माईकपाशी, विंगेत, शेवटच्या रांगेत, की सत्कारमूर्तीच्या घरीच? तिथून काय दिसलं ते लिहा. भाषणाचा सारांश नको, तो दुसऱ्या दिवशी पेपरात येतोच.

सुरुवात मी करतो. एका माजी मंत्र्यांना सहाची वेळ दिली होती, आले नऊला दहा कमी असताना. निम्मी सतरंजी रिकामी झालेली. माफी मागून बारा मिनिटं बोलले, मग मंचाच्या कडेला पाय सोडून बसले आणि म्हणाले, विचारा. ऊसतोड टोळीतल्या एकाने विचारलं, आमची पोरं सहा महिने शाळेत नसतात, त्यांचं काय? साहेबांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. डायऱ्या आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या. दोन महिन्यांनी त्या माणसाच्या नावाने पत्र आलं. प्रयत्न केला, जमलं नाही, अमुक कारणाने अडलं, एवढंच. काम झालंच नाही. पण त्याने ते पत्र लॅमिनेट करून घेतलंय.

पुणे, सदाशिव पेठ

आमच्या घराण्यात उन्हाळा म्हणजे आंबे आणि वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. २१ एप्रिलपासून महिनाभर, टिळक स्मारक मंदिरात. आजोबा उशी घेऊन जायचे, खुर्ची टोचते म्हणून. वक्ता कोणत्या पक्षाचा आहे याने त्यांना फरक पडत नसे, वेळेत संपवतो की नाही याने पडे.

त्याच वास्तूशी माझी दुसरी आठवण १ ऑगस्टची, लोकमान्यांच्या पुण्यतिथीची. त्या दिवशी टिळक स्मारक ट्रस्टचा राष्ट्रीय पुरस्कार देतात. १९८३ साली पहिला एस. एम. जोशींना दिला. पुढच्या काही वर्षांतच गोदावरी परुळेकर, मरणोत्तर इंदिरा गांधी, मग कॉम्रेड डांगे. बाबा दरवर्षी ही नावं ओळीने म्हणून दाखवायचे, पाढे म्हणावेत तशी. आणीबाणीला विरोध करणारे एसेम आणि आणीबाणी आणणाऱ्या इंदिराबाई एकाच यादीत! आजोबांना ते पटायचं नाही. "यादी आहे का बारदान?" म्हणायचे. बाबा म्हणायचे, टिळकांच्या नावाने देतायत म्हटल्यावर भांडणारी माणसंच असणार.

२०२३ ला पंतप्रधान मोदींना दिला तेव्हा कार्यक्रम एस. पी. कॉलेजच्या मैदानावर होता, शरद पवार प्रमुख पाहुणे. मंचावर कोण कोणाशी हसलं यावरच देशभर चर्चा. मैदान म्हणाल तर घरापासून दहा मिनिटांवर, पण बॅरिकेड्समुळे दुधाच्या पिशवीलाच वळसा पडला. टीव्हीवर पाहिलं. पुरस्काराची रक्कम त्यांनी नमामि गंगे या गंगा स्वच्छतेच्या योजनेला दिली.

निवृत्त मराठीचे मास्तर, सोलापूर जिल्हा

मी मानपत्रं लिहायचो. तीस वर्षांत दीडशे तरी लिहिली असतील. पैसे एकदाही घेतले नाहीत, कारण कोणी दिले नाहीत.

मानपत्राचा एक साचा असतो. वर स्थळ-काळ, मग "सन्माननीय" आणि मग "आपण" ने सुरू होणारी चार कलमं: जन्म आणि शिक्षण, संघर्ष, कार्य, शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना. खरी परीक्षा तिसऱ्या कलमात. ज्याने काहीच केलं नाही त्याच्याबद्दल लिहिताना विशेषणं आपोआप वाढतात: कर्तव्यदक्ष, लोकाभिमुख, अजातशत्रू. ज्याने खरंच केलंय तिथे विशेषण सुचतच नाही. तलाव किती साली, किती गावांना पाणी, दुष्काळात रोजगार हमीची किती कामं चालू केली, एवढ्यावरच कागद भरतो. एका माजी आमदारांचं मानपत्र मी तसं निव्वळ आकड्यांचं केलं, तर संयोजक म्हणाले, मास्तर, हे मानपत्र आहे का अहवाल? त्यांनी वर दोन ओळी "कल्पवृक्ष" वगैरे घालून घेतल्या. मी कागदावर सही करत नसे, ते त्या दिवशी बरं वाटलं.

एकदा घोळ झाला तो कायमचा लक्षात राहिला. "निःस्वार्थी, निगर्वी, त्यागी" असं लिहून दिलं होतं. डीटीपीवाल्याने एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना पहिलं अक्षर आणि विसर्ग गळाला. सॅटिनवर छापून, फ्रेम होऊन मंचावर आलं तेव्हा वाचणाऱ्या बाई "स्वार्थी" पाशी थबकल्या आणि हुशारीने थेट "निगर्वी" वर गेल्या. फ्रेम मात्र तशीच दिली. त्यांच्या दिवाणखान्यात ती पुढे कैक वर्षं होती. मी जायचो तेव्हा तिच्याकडे पाठ करून बसायचो.

ठाणे, नौपाडा

जानेवारीतली रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला. थंडी ठाण्यात पडत नाही, पण त्या आठवड्यात मैदानावर लोक मफलर घालून येतात. मला वक्त्यांपेक्षा ज्यांच्या नावाने ती भरते त्यांची एक गोष्ट जास्त आवडते. म्हाळगी १९५७ ला मावळमधून आमदार झाले, पुढे १९७७ ला ठाण्याचे खासदार. आपण काय केलं याचा लेखी हिशोब ते मतदारांना देत. आताही कार्यअहवाल निघतात, पण त्यात मजकुरापेक्षा फोटो जास्त.

माझा अनुभव फक्त इतकाच की दहावीत असताना आई मला ओढून घेऊन गेली, मी शेवटच्या रांगेत डुलकी काढली, आणि आता माझ्या मुलीला मी ओढून नेते. तीही झोपते.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे १८ जून. १९४६ साली त्या दिवशी मडगावला डॉ. राम मनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिश यांनी पोर्तुगीजांची बंदी मोडून सभा घेतली. आता तिथे लोहिया मैदान आहे आणि दरवर्षी स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार होतो.

आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. सत्काराला जायचं म्हटलं की आदल्या रात्री स्वतः खादीचा सदरा इस्त्री करायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटच्या वर्षी मी त्यांना घेऊन गेलो. जूनचा पाऊस, मंडप गळतोय, खुर्च्यांवर पाणी. मी रुमालाने खुर्ची पुसली तर बसेनात. एक तरुण कार्यकर्ता छत्री घेऊन धावत आला, "आजोबा, आत चला." त्यांनी छत्री बाजूला सारली आणि कोकणीत म्हणाले, "पावस तेन्नाय आशिल्लो." पाऊस तेव्हाही होता. तो मुलगा ओशाळून हसला, त्याला काही कळलं नसावं. मलाही घरी आल्यावर कळलं: लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा धो धो कोसळत होता.

नावं पुकारायला लागले. पाच-सहा नावांना कोणी उठलं नाही. निवेदक प्रत्येक वेळी थोडं थांबायचा आणि पुढे जायचा. यादी जुनी होती.

मुलगी, नाव देत नाही

धाग्यात अजून कोणी हे लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमचे अण्णा सेवादलातले. दोनदा पंचायत समितीत निवडून आले, पुढे भूमिहीनांच्या कामात. एका संस्थेने अकरा हजारांचा पुरस्कार दिला. त्या काळी ती रक्कम मोठी, आमच्या घरासाठी तर फारच. घराचं छप्पर गळत होतं आणि आईने मनातल्या मनात पत्रे घेऊनही टाकले होते.

आपल्याकडे एक पद्धत आहे, सगळ्यांना माहीत आहे: सत्कारमूर्ती उठतो आणि म्हणतो, ही रक्कम मी त्यात माझी भर घालून संस्थेला परत करतो. टाळ्या. अण्णांनीही तेच केलं. "यात माझे एक हजार एक घालून" म्हणाले आणि मंचावरून आईकडे पाहिलं. हजार एक होते कुठे? आईने पर्स उघडली. किराण्याचे नि माझ्या फीचे मिळून सहाशे निघाले, उरलेले शेजारच्या काकूंकडून घेतले आणि मंचावर पोचवले. टाळ्या आणखी वाढल्या.

येताना आम्ही स्टँडपासून घरापर्यंत चालत आलो. आई एक शब्द बोलली नाही. अण्णा म्हणाले, "तू रागावलीस." ती म्हणाली, "नाही. विचारलं असतंत तर मीच हो म्हटलं असतं."

अण्णा मोठे होते, मला शंका नाही. पण पुरस्काराच्या बातमीत "रक्कम परत केली" हे वाक्य आलं की मला मंच दिसत नाही, ती पर्स दिसते.

बेळगाव

फार लांबड लावत नाही. बॅ. नाथ पै यांच्या नावाची व्याख्यानमाला आमच्याकडे सार्वजनिक वाचनालय भरवतं. राजापूरचे खासदार, जन्म वेंगुर्ल्याचा, पण १८ जानेवारी १९७१ ला गेले ते इथेच, बेळगावात. वय अवघं ४८. आमच्या काकांनी त्यांना ऐकलेलं. नंतर कुठलाही वक्ता आला तरी काका पहिल्या पाच मिनिटांत निकाल द्यायचे: "चांगला आहे, पण नाथ नव्हे." आम्ही पोरं वैतागायचो. बिचाऱ्या वक्त्याने काय करावं?

माईकवाला, नांदेड जिल्हा

मी साउंड लावतो. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, माझा वर्षाचा पक्का धंदा. मंचाखाली बसून जे दिसतं ते सांगतो.

हारतुऱ्यांची यादी वाचायलाच पाऊण तास जातो बघा. एक नाव सुटलं की चिठ्ठी येते, चिठ्ठीतलं नाव वाचलं की दुसरी चिठ्ठी. एका वर्षी असंच सगळं आटपल्यावर निवेदक म्हणाला, आता आपले ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक दोन शब्द बोलतील, वेळेअभावी थोडक्यात. म्हातारा नव्वदीचा. निजामाच्या रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कँपात होता. सोबत ताम्रपट आणलेला, १९७२ ला मिळालेला, धडप्यात गुंडाळून. माईकसमोर उभा राहिला आणि बोलायच्या आधी ताम्रपट उलगडायला लागला. गाठ सुटेना. पुढारी घड्याळ बघू लागले. मागून कोणीतरी मला खूण केली, आवाज कमी कर.

मी कमी नाही केला. उलट वाढवला. त्याचा श्वास सगळ्या मैदानात ऐकू येत होता. गाठ सुटली, त्याने ताम्रपट वर धरला, "हे बघा" म्हणाला आणि खाली बसला. भाषण एवढंच.

पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याला दिलं. त्याचं काही नाही, गणपतीत निघतात पैसे.

नागपूरहून, ७४ वर्षं

आमच्या वेळी व्याख्यान रेडिओवर यायचं. आकाशवाणीची सरदार पटेल स्मृती व्याख्यानं १९५५ पासूनची, पहिले वक्ते राजाजी. वडील पोस्टात होते, इंग्रजी बेताचं. तरी रेडिओसमोर ताठ बसून ऐकायचे आणि संपल्यावर आम्हाला मराठीत सांगायचे. पुढे मोठेपणी त्यातलं एक भाषण मी छापील वाचलं. वडिलांनी सांगितलेलं त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. वडिलांचंच जास्त चांगलं होतं.

ड्रायव्हर (होतो), सांगली

एका आमदारांकडे एकोणीस वर्षं गाडी चालवली. सगळे मंचाचं लिहितायत, डिकीचं कोणी लिहीत नाही.

एका दिवसात सात सत्कार म्हणजे सात शाली, सात नारळ, हार वेगळे, आणि ती काचेची स्मृतिचिन्हं वळणावर खुळखुळतात. शालींचं सोपं असतं. वहिनीसाहेब वर्षातून एकदा काढायच्या, वृद्धाश्रमात द्यायच्या. एकदा गंमत झाली: एका गावात घातलेली शाल आम्हीच दोन महिन्यांपूर्वी तिथल्या सरपंचाला घातलेली होती. कोपऱ्यात मेंदीचा डाग होता, साहेबांनीच ओळखला. काही बोलले नाहीत, गाडीत बसल्यावर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

खरी अडचण नारळांची. कोणी घेत नाही. निवडणुकीच्या वर्षी एका रात्री डिकीत एक्केचाळीस नारळ होते आणि स्टेपनी त्यांच्या खाली. पंक्चर झालं. रात्री साडेबाराला कवठेमहांकाळच्या पुढे रस्त्याच्या कडेला मी आणि आमदारसाहेब नारळ काढून ओळीने लावतोय. मागून एसटी आली, ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "काय भाव दिलात?"

साहेब म्हणाले, "पाच वर्षं."