क्रूझवर बंदरात मिळणाऱ्या वेळात पायी काय बघावं? (कोटोर, दुब्रोव्हनिक, सँटोरिनी)

पायवाट:
सप्टेंबरात क्रूझ ठरली आहे. कोटोर ८ ते ४, दुब्रोव्हनिक ८ ते ५, सँटोरिनी ७ ते ६. जहाजाच्या बससहली नकोत, पायीच फिरायचं आहे. दोघंही रोज सात-आठ किमी चालतो, पण एकाचे गुडघे उतारावर कुरकुरतात. कुठे काय जमेल? आणि जहाज चुकण्याची भीती कितपत खरी?

दीपस्तंभ:
आधी वेळ. ८ ते ४ म्हणजे आठ तास नव्हेत. उतरायला परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि सगळ्यांनी परत यायची वेळ साधारण सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. ती रोजच्या पत्रकात बघा. हातात उरतात पावणेसात-सात तास. जिथे जहाज धक्क्याला न लागता पाण्यातच उभं राहतं आणि टेंडर म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात (सँटोरिनी तसंच), तिथे अजून तासभर वजा करा आणि शेवटची टेंडर किती वाजता ते वेगळं विचारा.

चालण्याचा हिशोब: तासाला पाच किमी, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. पायऱ्या आणि ऊन असेल तर त्यावर तिसरा हिस्सा वाढवा. निघतानाच मागे फिरायची वेळ ठरवून ठेवा, माथा आलेला असो वा नसो.

घड्याळाचा घोळ हमखास होतो. सँटोरिनीचा ग्रीस बाकी दोन देशांच्या (कोटोरचा मॉन्टेनेग्रो, दुब्रोव्हनिकचा क्रोएशिया) एक तास पुढे आहे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा.

भीती खरी आहे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर थांबतात, तुमच्यासाठी नाही. पत्रकावरच्या पोर्ट एजंटच्या (जहाज कंपनीचा बंदरातला माणूस) नंबरचा फोटो काढून ठेवा.

कडेकपारी:
कोटोर सगळ्यात सोपं. जुनं गाव धक्क्यासमोरच. तटबंदीच्या सुमारे १३५० पायऱ्या, वरचा किल्ला समुद्रापासून अंदाजे २६० मीटरवर. तिकीट लागतं. डोंगर गावाच्या पूर्वेला असल्याने सकाळी पायऱ्यांवर सावली असते, दुपारी तोच उतार भट्टी होतो. म्हणून उतरल्या उतरल्या आधी हेच. गुडघेवाल्यांनी साधारण अर्ध्यावरच्या आवर लेडी ऑफ रेमेडी चर्चपासून मागे फिरावं. गावाच्या लाल छपरांचं आणि खाडीचं दृश्य तिथेच पूर्ण मिळतं. पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडून गेला असेल तर वर जाऊच नका. मग शेजारच्या दोब्रोता गावापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने चाला, रस्ता सपाट आहे.

दुब्रोव्हनिकला जहाज बहुधा ग्रुझ बंदराला लागतं. तिथून जुन्या गावाचं पिले दार तीनेक किमी. तो रस्ता रहदारीचा आणि रटाळ आहे, सरळ बस घ्या. तटबंदीची फेरी १९४० मीटरची, एकाच दिशेने, उलट फिरू देत नाहीत. सावली जवळपास नाही, दीड-दोन तास धरा. किंवा सर्ज डोंगर, ४१२ मीटर: नागमोडी वाटेने चढा, उतरताना केबल कार. उलटं करू नका, वाटेवरचे सुटे दगड गुडघ्यांचं पाणी करतात. जोराच्या वाऱ्यात केबल कार बंद असते, म्हणून चढण्याआधी खालीच चौकशी करा. दोन्ही एका दिवसात कोंबू नयेत असं माझं मत.

निळाई:
सँटोरिनीला चूक होते ती दिशेची. 'फिरा' हे बंदराच्या वर कड्यावरचं गाव, तिथून 'इया' गाव दहा किमी, तीन-चार तास. बहुतेक लोक फिराहून इयाकडे निघतात, आणि दमलेले असताना जहाजापासून सर्वांत लांब पोचतात. मग बसची रांग, त्यानंतर फिराहून खाली बंदरात उतरणाऱ्या केबल कारची रांग. दुपारनंतर ती एकटीच तासाच्या वर जाऊ शकते.

त्यापेक्षा टेंडर जिथे सोडते त्या जुन्या बंदरातूनच इयाला नेणाऱ्या बोटी असतात, पुढे बसने वर सोडतात. तिथून फिराकडे चाला. चाल संपते केबल कारपाशी.

वाटेवरच्या इमेरोविग्ली गावापासून फिरापर्यंत फरसबंदी, इयाकडच्या भागात मात्र भुसभुशीत ज्वालामुखी खडी आहे. पकड असलेले बूट हवेत, माणशी दोन लिटर पाणी हवं. वेळ कमी पडला तर फक्त फिरा ते इमेरोविग्ली जाऊन या, दृश्यात फारसं उणं नाही. बंदराच्या ५८८ पायऱ्या उतरायला वाईट: तीच खेचरांची वाट, लीद आणि घसरण दोन्ही. रांग परवडते.

पायवाट:
दिशेचं लक्षात आलं नव्हतं. केबल कारला गर्दी किती असेल हे आधी कळतं का? नकाशासाठी रोमिंग लागेल का?

दीपस्तंभ:
बंदरांची वेळापत्रकं नेटवर तारखेनुसार मिळतात. त्या दिवशी किती जहाजं, कुठली, कधी येणार आणि जाणार ते बघा. तीन-चार मोठी असतील तर परतीच्या रांगेसाठी दोन तास राखा.

रोमिंग नको. नकाशे आधी उतरवून घ्या, विमान मोडमध्येही जीपीएस चालतं. जहाजावर असताना तर मोड लावाच, नाहीतर फोन जहाजाचं सागरी नेटवर्क पकडतो आणि बिल भलतंच येतं.