अनुभव धागा: मुलगी अचानक बदलली, तेव्हा घरात आणि आजूबाजूला काय चालू होतं?

धागा सुरू करताना (निवृत्त शिक्षिका, नंदनवन)

नागपुरात आठवी ते दहावीच्या मुलींना मी बरीच वर्षं शिकवलं. मुलगी उलट बोलते, ट्यूशन बुडवते, खोटं सांगते, हात उगारते अशी तक्रार आली की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न एकच असायचा, हिची संगत कोणाची? घरी काय चाललंय हे फार उशिरा विचारलं जायचं, आणि शाळेच्या वाटेवर तिला काय ऐकून घ्यावं लागतं हे कोणी विचारायचंच नाही. मुलाची दांडगाई वयावर ढकलतात, मुलीची थेट चारित्र्यावर जाते. मग घरचे झाकून ठेवतात आणि मदत मागायची वेळ निघून जाते.

इथे मोकळेपणाने लिहा. मुलीचं, शाळेचं, गल्लीचं नाव नको. तिने काय केलं ते दोन ओळींत पुरे, त्याआधी काय बदललं होतं ते सविस्तर सांगा.

एक आई, मानेवाडा

आम्ही महालातला वाडा सोडून इकडे फ्लॅटमध्ये आलो तेव्हा लेक सातवीत होती. वाड्यात सासूबाई, जाऊबाई, शेजारच्या काकू, कोणी ना कोणी असायचंच. ती दप्तर टाकून ताटावर बसली की शाळेतलं सगळं आपोआप बाहेर यायचं. इथे यांची ड्युटी बुटीबोरीला, माझी सीताबर्डीला. दुपारी ती कुलूप उघडून आत जायची आणि आम्ही आठला पोचायचो. वय तेरा, पण अंगाने मोठी दिसायची, त्यामुळे मैत्री अकरावी-बारावीच्या मुलींशी. वर्षभरात ट्यूशनची फी भलतीकडे जाऊ लागली, फुटाळा तलावावर दिसली असं कोणी कोणी सांगू लागलं, घरात दारं आपटू लागली. यांनी मोबाइल काढून घेतला, तर तिने मैत्रिणीचा वापरायला घेतला.

शेवटी सासूबाई दुपारी आमच्याकडे येऊन थांबू लागल्या. त्या उलटतपासणी घेत नाहीत. वाटाणे सोलत बसायच्या आणि आपल्याच माहेरच्या गोष्टी सांगायच्या. बरेच दिवस लेक त्यांच्याशीही बोलली नाही. मग एके दुपारी तिने सांगितलं, मैत्रिणीचा मोठा भाऊ फोटो मागतो आणि नाही म्हटलं तर बदनामीची धमकी देतो. इतके महिने आम्ही जिला उद्धट म्हणत होतो ती घाबरलेली होती. आम्ही तिच्यासोबत पोलिसांकडे गेलो. आता ती बारावीत आहे. दारं अजून आपटते, पण कारण सांगून.

ती मुलगी मीच होते (वय २४, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी)

आमच्या घरी बाबा रोज पिऊन यायचे. आई मार खायची, मी मध्ये पडायची. घरात जो जोरात ओरडेल त्याचंच चालायचं, हेच मी शिकले आणि शाळेत तेच केलं. नववीत एका मुलीचं डोकं भिंतीवर आपटलं. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खायला लागले, तोही चौकातल्या पानठेल्यावरून कोणीही देऊन द्यायचं. मोहल्ल्यात एकच बोलणं, "पोट्टी हातची गेली ना वो." तेच लोक रात्री आईच्या किंकाळ्या ऐकून टीव्हीचा आवाज वाढवायचे. हे मी विसरणार नाही.

घराजवळ ब्लाउज शिवणारी एक मावशी होती. संध्याकाळी मी तिच्या दुकानात बसायची, हुक लावून द्यायची. तिने कधी उपदेश केला नाही. बाबांचा आवाज चढला की ती स्वतः आमच्या दारात येऊन उभी राहायची, "भाऊ, काऊन ओरडून राहिले?" बाबा सुधरले नाहीत. पण कोणीतरी दारापर्यंत येतं हे कळल्यावर माझ्या अंगातली आग हळूहळू कमी झाली. दहावीचा अभ्यास मी त्या दुकानातच केला.

एक वडील, प्रतापनगर

आमच्याकडे दारू नाही, भांडण नाही. पण माझं आणि बायकोचं दोन वर्षं बोलणंच बंद होतं, निरोप मुलीमार्फत. ती दहावीत जेवण टाकू लागली, पैसे घेऊ लागली. चांगल्या लेआउटमध्ये हे होत नाही असं समजणाऱ्यांसाठी लिहितोय.

आशा सेविका, हिंगणा रोड

वरच्या दादांशी सहमत. वस्तीवर बोट ठेवणं सोपं आहे. आमच्या भागात मुली चिडचिड्या का होतात? नळावर, ऑटो स्टँडवर, पानठेल्यासमोर रोज शेरे ऐकायचे. घरी सांगितलं तर टोळकं तिथेच राहतं, शाळा मात्र मुलीची बंद होते. म्हणून मुली सांगत नाहीत, रस्ता बदलतात, खोटी वेळ सांगतात, आणि मग खोटारड्या ठरतात. आमच्याकडे काही बायांनी पाळी लावून शाळा सुटायच्या वेळी चौकात उभं राहणं सुरू केलं. पोरं पांगली. मुलींचं उशिरा येणंही कमी झालं.

शाळा समुपदेशक, सक्करदरा

ताई, तुमच्या चौकातल्या अनुभवाशी जुळणारी एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९९४ ते १९९८ दरम्यान पाच शहरांत सरकारी घरांमधल्या हजारो गरीब कुटुंबांतून सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी मदत दिली गेली. तिथे गेलेल्या मुलींचं मानसिक आरोग्य सुधारलं, मुलांना मात्र तसा फायदा दिसला नाही. अभ्यासकांनी दिलेलं एक कारण म्हणजे रस्त्यावरच्या लैंगिक छळाची भीती कमी होणं. आपल्याकडे घर बदलणं कोणाला परवडतं? पण ती भीती कमी करणं चौकातच सुरू होऊ शकतं, हे तुमच्या बायांनी दाखवलं.

आणि मानेवाड्याच्या ताई, तुमच्या सासूबाईंचं वागणं अगदी पटलं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात, २००० साली प्रसिद्ध झालेल्या, असं दिसलं की आईवडिलांना मुलांबद्दल जे माहीत असतं ते पाळतीतून कमी आणि मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे जास्त. आपल्याकडे मुलीवर पहारा भरपूर असतो, पण तिने काही सांगावं असं माणूस घरात एखादंही नसतं.

एक गोष्ट मात्र घाईने विचारा. चांगली असलेली मुलगी थोड्या काळात पार बदलली, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा शिकवणीला जायला नकार देऊ लागली, तर तिला कोणी त्रास देतंय का, हे आधी बघा. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, संरक्षण आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातल्या माणसाचं नाव असलं तरी. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन मुलगी स्वतःसुद्धा लावू शकते.

एक मामी, वाडी

भाची नववीत आहे, हातावर ब्लेडने कापून घेते. बोलते ती माझ्याजवळच. नणंद म्हणते डॉक्टरकडे नेलं तर उद्या लग्नाला अडचण येईल. काय करू?

शाळा समुपदेशक

मामी, लग्नाचा विचार आज बाजूला ठेवा. तिला रागावू नका, ब्लेड-गोळ्या आवाक्यातून काढा, रात्री एकटीला झोपू देऊ नका. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिकडे उद्याच न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आज रात्रीच लावा. नणंदबाई येत नसतील तर तुम्ही न्या. तिला तुमच्याजवळ बोलावंसं वाटतंय ना, मग सोबत तुम्हीच असलेलं बरं.