पळून गेलेल्या मुलीच्या मृत्यूचा तपास, स्क्रिप्टसाठी मदत हवीये

कोरा_कागद:
सहा भागांचा क्राईम ड्रामा लिहितेय. सोळा वर्षांची मुलगी घरातून निघून जाते आणि तीन महिन्यांनी नदीत सापडते. पहिल्याच भागात डॉक्टर बघून सांगतात, रात्री साडेअकराला बुडून गेली. मैत्रीण म्हणाली असं कोणी सांगूच शकत नाही. मग तपास सरकवू कशावर? आणि मला ती नुसती बॉडी म्हणून नकोय, पळून गेलेली पोरं सिरियलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत मरतात नि नंतर त्यांचं नावसुद्धा कोणी धड घेत नाही, फार त्रास होतो त्याचा.

दुसरी_पाळी:
मैत्रीण बरोबर बोलली. पोस्टमॉर्टेमच्या कामात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, मिनिटावर वेळ कोणीच देत नाही. शरीर साधारण २ ते ४ तासांत ताठरायला लागतं, १२ तासांच्या आसपास पूर्ण ताठ होतं आणि मग हळूहळू सैल पडतं, त्यात गार पाणी सगळंच लांबवतं. बुडून मेली की आधी मेली हेही पटकन ठरत नाही. पण तुम्हाला एक चांगला धागा देतो. मेल्यावर रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे जांभळट डाग पडतात, ८ ते १२ तासांनी ते बऱ्यापैकी पक्के होतात. पाण्यात बॉडी बहुतेक पालथी तरंगते. तुमच्या मुलीच्या पाठीवर पक्के डाग दाखवा. म्हणजे ती आधी कुठेतरी तासन्‌तास उताणी पडून होती, नदीत नंतर कोणीतरी टाकली. तुमचा पहिला भाग इथेच संपतो!

आणि ओळख पटायच्या आधी वय सोळाच असं ठामपणे वदवू नका. एक्स-रेत मनगटाची, गळपट्टीची हाडं कितपत जुळलीत ते बघतात, दात बघतात, तरी वर्ष-दोन वर्षांचा फरक राहतोच.

उंबरठा:
मी घर सोडलेल्या मुलांच्या निवाऱ्यात काम केलंय. तुमची गोष्ट त्या तीन महिन्यांत आहे. अशी मुलं नाव बदलतात, वय वाढवून सांगतात, त्यामुळे घरी मिसिंगची तक्रार एका नावाने आणि मैत्रिणी ओळखतात दुसऱ्याच नावाने, आणि त्या पोलिसांशी बोलत नाहीत कारण आपल्यालाही परत घरी धाडतील ही भीती. एका मुलीची सॅक अजून डोळ्यासमोर आहे, दोन कपडे, चार्जर आणि शाळेचं आयकार्ड, फोटो खरवडलेला पण कार्ड फेकवलं नव्हतं तिला.

आणि बहुतेक जणी पहिल्यांदा पळालेल्या नसतात. आधी कितीदा गेली, कोणी परत आणली, तेव्हा ती काय सांगत होती, हे अधिकाऱ्याने विचारायलाच हवं.

तिसरा_मजला:
सिमकार्ड बदललेलं दाखवा पण हँडसेट तोच. आयएमईआय म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर, १५ आकडी असतो, तो सिमबरोबर बदलत नाही. नवा नंबर, मग कुणाकुणाला फोन केले, सगळं त्यावरून निघतं. फक्त टॉवरवरून अमुक खोलीत होती असं दाखवू नका, परिसर कळतो तेवढाच.

कोरा_कागद:
सगळ्यांचे मनापासून आभार. साडेअकरा कापलं. उंबरठा, ते आयकार्ड घेऊ का मी? शवागारात तिला नंबर असेल, मैत्रिणींकडे खोटं नाव, आणि तिसऱ्या भागात सॅक उघडल्यावर अधिकारी तिचं खरं नाव पहिल्यांदा मोठ्याने वाचेल.

उंबरठा:
घ्या. फोटो मात्र खरवडलेलाच ठेवा.