मदत हवी आहे: दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाचं कॅल्शियम
दीड वर्षाच्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. म्हशीचं, शेळीचंही बंद. त्यातली प्रथिनं जवळपास तीच, उकळूनही धोका जात नाही. रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. ३० ग्रॅम नाचणीतून जेमतेम ११० मिळतं, तेही फायटेटमुळे (धान्यातला कॅल्शियम अडवणारा घटक) पूर्ण अंगी लागत नाही. म्हणून नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेली, वर चमचाभर कुटलेले तीळ. उष्मांकांची चिंता नाही: कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी वरणात कुस्करून, वरून शेंगदाण्याचं तेल. अडतंय कॅल्शियमपाशीच.

सोया चालतं, डॉक्टरांनी तपासलंय. जळगाव, धुळ्याकडे कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोया दूध कायम कुठे मिळतं? आणि दूध पावडर न घालता टोस्ट करणारी बेकरी? लेबलवर केसिन, व्हे (दुधातलीच प्रथिनं) असेल तर नको.