प्रतिसाद: बिडाच्या जुन्या रेडिएटरला रंग

वाफ किंवा गरम पाणी फिरवून खोली तापवणाऱ्या बिडाच्या जुन्या रेडिएटरचा रंग खरवडून नवा कसा द्यायचा, असं विचारलंय. खरवडण्याआधी घर कधीचं आहे ते बघा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या रेडिएटरवर शिशाचा रंग असू शकतो. हार्डवेअरच्या दुकानात चाचणीचा किट मिळतो, तो आधी वापरा. शिसं निघालं तर कोरडा सँडपेपर अजिबात नको, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. ती धूळ खाली बसते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. सुटे पापुद्रे ओले करून काढा, किंवा रेडिएटर बाहेर काढून सँडब्लास्टिंगला द्या. पण उचलायला तीन-चार माणसं हवीत, बीड फार जड असतं.

उघडं बीड दमट हवेत लगेच गंजतं, म्हणून साफ झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. मधल्या फटींसाठी लांब दांड्याचा वाकडा ब्रश घ्या.

रेडिएटरला चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियमचा रंग द्या असा सल्ला इथे आधी कुणी दिलाय, तो मला पटत नाही. ॲल्युमिनियमच्या रंगामुळे उष्णतेचं उत्सर्जन कमी होतं, म्हणजे रेडिएटर खोलीत कमी उष्णता सोडतो. यात सर्वांत वरचा थर महत्त्वाचा, त्यामुळे खालचा चंदेरी रंग पक्का असेल तर राहू द्या आणि वर साधा रंग द्या. पांढरा, काळा, कुठलाही चालेल.

एअर व्हेंट, म्हणजे रेडिएटरमधली हवा बाहेर सोडणारी छोटी झडप, रंगाने बुजवू नका. आणि एका पाइपची वाफेची व्यवस्था असेल, म्हणजे ज्या पाइपने वाफ येते त्यानेच थंड होऊन झालेलं पाणी परत जात असेल, तर परत बसवताना रेडिएटरला पाइपच्या बाजूला किंचित उतार ठेवा, नाहीतर पाणी साचून रात्रभर ठणठण ऐकावी लागेल.