सर्व्हर बसवणाऱ्याला फाइल शेअरवर ‘फुल कंट्रोल’ द्यावं की नाही?

सातारकर (धागाकर्ता)

मायक्रोसॉफ्टच्या स्काइप फॉर बिझनेस सर्व्हरच्या (कंपनीतल्या चॅट, कॉल, मीटिंगसाठीच्या) २०१५ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ज्या संस्थांना संभाषण स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायचं आहे त्या आता त्याचीच सबस्क्रिप्शन एडिशन बसवताहेत, आणि लिंक (Lync, याच सर्व्हरचं आधीचं नाव) २०१० पासूनचं जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढतंय. टोपॉलॉजी बिल्डर या साधनातून टोपॉलॉजी (कुठला सर्व्हर काय काम करतो याचा आराखडा) प्रकाशित करायला घेतली की डेटाबेसचं काम सुरळीत होतं आणि फाइल शेअरपाशी (नेटवर्कवरून सगळे सर्व्हर वापरतात त्या सामायिक फोल्डरपाशी) गाडी अडते. शेअरवर परवानग्या लिहिता आल्या नाहीत, असा संदेश.

माझं मत असं, की बसवणाऱ्याच्या खात्याला त्या शेअरवर ‘फुल कंट्रोल’ मिळालंच पाहिजे. ‘चेंज’ देऊन स्टोरेज टीमने मोकळं होणं चुकीचं आहे.

कारण साधं आहे. टोपॉलॉजी बिल्डर त्या शेअरमध्ये नुसते फोल्डर बनवून थांबत नाही. वेब सर्व्हिसेस, ॲप्लिकेशन सर्व्हर, सेंट्रल मॅनेजमेंट यांचे फोल्डर तयार करून त्यांवर तो स्वतः परवानग्या लिहितो. फॉरेस्ट प्रेपमध्ये (कंपनीची अख्खी ॲक्टिव्ह डायरेक्टरी, म्हणजे खाती आणि ग्रुपची नोंदवही, सज्ज करण्याच्या पायरीत) तयार झालेल्या, ‘आरटीसी’ने सुरू होणाऱ्या ग्रुपना तिथे जागा द्यावी लागते. ‘चेंज’मध्ये फाइल बनवता येते, बदलता येते, पुसता येते, पण परवानगी बदलण्याचा हक्क त्यात नाही. तो फक्त ‘फुल कंट्रोल’मध्ये आहे.

इथेच सगळे फसतात. स्टोरेजवाले म्हणतात, “शेअर उघडतोय ना? नोटपॅडने फाइल सेव्ह होतेय ना? मग परवानगी आहे.” ही चाचणीच चुकीची आहे. फाइल बनवायला ‘चेंज’ पुरतं, म्हणून ती चाचणी पास होते आणि प्रकाशन नापास होतं. खरी चाचणी म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यावरून, म्हणजे सर्व्हरचं आणि शेअरचं नाव देऊन, ‘आयकॅक्ल्स’ (परवानग्या पाहायची-बदलायची कमांड) चालवायचं आणि एखाद्या रिकाम्या फोल्डरवर कुठल्याही ग्रुपला परवानगी देऊन पाहायची. तिथे ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर टोपॉलॉजी बिल्डर उघडूच नका.

रात्रपाळी

सहमत, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की खात्याबित्याची भानगडच नको. शेअरवर ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ द्या आणि आवळायचं ते एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्यांवर) आवळा. शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची परवानगी यांत जी कडक असेल तीच शेवटी चालते, मग दोन ठिकाणी कुलपं कशाला लावायची? दोन जागी परवानग्या ठेवल्या की सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला कुठे काय अडतंय ते कळत नाही.

शिवाय वेळेचं गणित बघा. ग्राहक शनिवारी रात्री काही तास देतो. त्यात स्टोरेजच्या माणसाला उठवून “आता हा ग्रुप घाला, आता तो काढा” असं करत बसलो तर सोमवारी सकाळी लोक लॉगिन करायला येतात आणि सेवा उभी नसते.

मुक्ता_नाशिक

रात्रपाळी, तुमचा नियम बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. “एनटीएफएसवर आवळा” म्हणता, पण ते आवळतं कोण? विंडोज सर्व्हरवर नवा ड्राइव्ह फॉरमॅट करून त्यावर फोल्डर बनवला की वरून वारशाने परवानग्या येतात. त्यात स्थानिक ‘यूझर्स’ ग्रुपला वाचायची आणि नव्या फाइल, नवे फोल्डर तयार करायची मुभा असते. मशीन डोमेनमध्ये (कंपनीच्या सामायिक खात्यांच्या कक्षेत) असेल तर ‘डोमेन यूझर्स’ त्या ‘यूझर्स’मध्ये आपोआप असतात. म्हणजे तुम्ही शेअर ‘एव्हरीवन’ला उघडला आणि वारसा तोडला नाही, तर कंपनीतला कुणीही त्यात स्वतःचा फोल्डर टाकू शकतो. जो टाकतो तो त्याचा मालक, आणि ‘क्रिएटर ओनर’मुळे त्यावर त्याला पूर्ण ताबा.

त्या शेअरमध्ये काय असतं तेही आठवा. ॲड्रेस बुकच्या फाइल असतात, मीटिंगमध्ये चढवलेली सादरीकरणं असतात, फोन उपकरणांचे अपडेट असतात. सेंट्रल मॅनेजमेंटच्या फोल्डरमधून तर अख्ख्या उभारणीची रचना बाकीच्या सर्व्हरकडे जाते. हे सगळं “नंतर आवळू” या भरवशावर उघडं ठेवायचं?

विंडोज २००० मध्ये नव्या शेअरला मुळातच ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ मिळायचं. सर्व्हर २००३ पासून ते ‘रीड’ केलं. तो बदल विचार करून केला होता आणि आपण तो हाताने उलटा फिरवतोय.

रात्रपाळी

मुक्ताताई, वारशाचा मुद्दा मान्य, आणि तो महत्त्वाचा आहे. पण मग उत्तर “आधी वारसा तोडा, मग शेअर उघडा” एवढंच होतं. शेअरवरचं ‘एव्हरीवन’ त्यामुळे वाईट ठरत नाही. माझी भूमिका कायम.

एडी_आणि_मी

तुम्ही दोघं शेअरवर भांडताय, पण अर्ध्या वेळा दोष शेअरचा नसतोच. परवानग्या बरोबर असूनही प्रकाशन अडतं आणि लोक घाबरून ‘एव्हरीवन’ देतात. त्यानेही चूक जात नाही, आणि उघडा शेअर मात्र तसाच मागे राहतो.

फॉरेस्ट प्रेप झालं, ‘आरटीसी’चे ग्रुप मुख्य डोमेनमध्ये तयार झाले. पण फाइल सर्व्हर ज्या साइटवर (नेटवर्कच्या ज्या ठिकाणी) आहे तिथल्या डोमेन कंट्रोलरपर्यंत (खाती आणि ग्रुपची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) ते पोचले का? एकाच साइटमध्ये बदल काही सेकंदांत पसरतो. दोन साइटमध्ये मात्र त्यांना जोडणाऱ्या साइट लिंकवर बदल पाठवण्याचं मूळ अंतर १८० मिनिटांचं असतं. मुख्य कार्यालय पुण्यात, फाइल सर्व्हर चाकणच्या प्लांटमध्ये, आणि दोन्ही वेगळ्या साइट. अशा वेळी परवानगी लिहायला गेलेल्या प्रोग्रामला त्या नावाचा ग्रुपच सापडत नाही. संदेशात ओळख पटवता आली नाही अशा अर्थाचं काहीतरी येतं आणि वाचणारा “परवानगी” हा एकच शब्द पकडून बसतो. ‘रेपॲडमिन’ या कमांडने सगळीकडे सिंक करून घ्या आणि मगच शेअरला दोष द्या.

दुसरं, स्वतःचं टोकन, म्हणजे लॉगिनच्या वेळी मिळणारं ओळखपत्र. तुम्हाला आत्ता संध्याकाळी ‘आरटीसी युनिव्हर्सल सर्व्हर ॲडमिन्स’मध्ये घातलं आणि तुम्ही दुपारपासून उघड्या असलेल्या सेशनमध्येच काम करताय? ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते. लॉगऑफ करा, परत या, ‘हूॲमआय’ कमांडमध्ये ग्रुप दिसतोय का पाहा.

तिसरं अगदी थोडक्यात: त्रुटी क्रमांक ५ म्हणजे नकार, ५३ म्हणजे रस्ताच सापडला नाही. ५३ आला तर परवानग्यांना हात लावू नका, नाव आणि पोर्ट ४४५ तपासा.

सातारकर

एडी_आणि_मी, हे धाग्यातच असायला हवं होतं, आभार. पण यावरून स्टोरेज टीमची सुटका होत नाही. सगळं सिंक झालं, टोकन ताजं आहे, तरी ‘चेंज’ असेल तर काम अडणारच. आणि “तुम्ही त्या मशीनचे लोकल ॲडमिन आहात, मग काय हवंय आणखी?” हाही युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. शेअरवर फक्त ‘एव्हरीवन – रीड’ असेल तर नेटवर्कवरून येणाऱ्या ॲडमिनलाही ‘रीड’च मिळतं.

दर्यावर्दी

माझा प्रश्न वेगळा आहे. बसवणाऱ्याला हक्क द्यायचाच कशाला? कुठल्या ग्रुपला काय लागतं ते ठरलेलं आहे. चार ‘आरटीसी’ ग्रुप आहेत, शेअरवर त्यांना ‘चेंज’ पुरतं. फाइल टीम ते हाताने लावून देईल, फोल्डरच्या परवानग्याही लावेल, तुम्ही इशारा ओलांडून पुढे जा.

आणि शेअर सांबा (लिनक्ससारख्या यंत्रणेवरून विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या एखाद्या स्टोरेज पेटीवर असेल तर विंडोजच्या परवानग्या जशाच्या तशा साठवणारं मॉड्यूल तिथे चालू नसताना ‘फुल कंट्रोल’ देऊनही उपयोग नाही. अशा पेटीवर हा शेअर ठेवूच नये.

सातारकर

पेटीबद्दल शंभर टक्के मान्य. हाताने लावण्याबद्दल मात्र ठाम विरोध. टोपॉलॉजी एकदाच प्रकाशित होत नाही. नवा एज सर्व्हर आला, पूल वाढला, गेटवे बदलला की पुन्हा प्रकाशन, आणि पुन्हा तोच इशारा. दर वेळी दिसणारा इशारा लोक वाचायचं सोडतात, आणि ज्या दिवशी त्यात खरी चूक असते त्या दिवशीही पुढे जातात. साधनाला त्याचं काम पूर्ण करू द्या.

मी ‘एव्हरीवन’ मागत नाही. एक वेगळा ग्रुप बनवा, शेअरवर त्याला ‘फुल कंट्रोल’ द्या, ज्या रात्री प्रकाशन असेल त्या रात्री माणूस त्यात घाला आणि सकाळी काढा.

मुक्ता_नाशिक

ग्रुपचा मार्ग मला पटतो, ‘एव्हरीवन’पेक्षा कितीतरी बरा. माझी अडचण “सकाळी काढा” या दोन शब्दांशी आहे. एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या डॅगमध्ये (एकमेकांची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटात) हेच पाहिलंय. विटनेस शेअरसाठी (गटातल्या मतदानात साक्षीदार ठरणाऱ्या शेअरसाठी) ‘एक्सचेंज ट्रस्टेड सबसिस्टिम’ या ग्रुपला फाइल सर्व्हरच्या लोकल ॲडमिन्समध्ये घालावं लागतं, ते समजू शकते. पण मोकळा सर्व्हर मिळाला नाही म्हणून कुणीतरी डोमेन कंट्रोलरच विटनेस करतो, आणि तिथे लोकल ॲडमिन्स म्हणजे अख्ख्या डोमेनचे ॲडमिन्स. एका छोट्या शेअरसाठी एक्सचेंजला पूर्ण डोमेनच्या चाव्या मिळतात. पुढे विटनेस दुसरीकडे हलवला तरी तो सदस्य तिथेच राहतो, कारण काढायचं काम कुणाच्याच नावावर नसतं.

रात्रपाळी

मग मुदतीचं सदस्यत्व वापरा ना. फॉरेस्टची पातळी विंडोज सर्व्हर २०१६ ची असेल तर ग्रुपमध्ये घालतानाच वेळ ठरवता येते, आपोआप बाहेर पडतो.

एडी_आणि_मी

येतं, पण ती सोय फॉरेस्टमध्ये एकदा चालू केली की बंद करता येत नाही. एका शेअरसाठी मी तो निर्णय कुठल्याच ग्राहकाला घ्यायला सांगणार नाही. त्यापेक्षा काढण्याचं तिकीट घालण्याच्या तिकिटाबरोबरच उघडा, त्यावर स्टोरेजच्या माणसाचं नाव टाका, आणि ते बंद झाल्याशिवाय बसवणाऱ्याला कामपूर्तीची सही देऊ नका.