नवा अल्बम सुचवताना नुसती लिंक टाकू नका, तुमचं म्हणणंही लिहा

पारवा

इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय, आपल्या बळावर निघणारं संगीत) आणि सायकेडेलिक रॉक (गुंगवणाऱ्या, घुमणाऱ्या आवाजांचं रॉक) ऐकणाऱ्यांच्या ग्रुपांवर हल्ली लिंकांचा नुसता पाऊस असतो. सोबत फार तर आगीची एक इमोजी. टाकणाऱ्याने अल्बम शेवटपर्यंत ऐकला का, त्यातलं काय आवडलं, काय खटकलं, यातलं काहीच कळत नाही. माझं म्हणणं असं की अल्बम सुचवायचा तर अख्खा सुचवा आणि तो तुम्हाला का भिडला हे चार ओळींत लिहा. तेवढं जमत नसेल तर सुचवू नका. नुसती गाणी पुढे सरकवण्याचं काम गाण्यांच्या ॲपमधलं मशीन करतंच आहे, आणि वाईट करतंय.

वाईट म्हणजे काय, ते गॅलॅक्सी ५०० या बँडवरून सांगतो. बॉस्टनकडचा तिघांचा बँड, १९८७ ते १९९१ एवढाच चालला, तीन अल्बम काढले. २०१७ च्या जानेवारीत स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर त्यांचं ‘स्ट्रेंज’ हे १९८९ चं गाणं एकाएकी त्यांच्याच बाकी सगळ्या गाण्यांच्या पुढे गेलं. ते कधी सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमबाहेर सुटं गाणं म्हणूनही निघालेलं नव्हतं. ड्रमर डेमन क्रुकोव्स्की यांना कोडं पडलं, त्यांनी चौकशी केली, तेव्हा स्पॉटिफायमधल्याच एका माणसाने आकडे तपासून कारण शोधलं. त्याच महिन्यात ऑटोप्ले सगळ्यांसाठी आपोआप सुरू झालं होतं. तुम्ही लावलेलं संपलं की मशीन त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी लावतं, आणि ‘स्ट्रेंज’ हे या बँडचं इतरांच्या गाण्यांशी सगळ्यात जास्त मिळणारं गाणं होतं. म्हणजे बँडचं वेगळेपण ज्यात सगळ्यात कमी, तेच गाणं लोकांपर्यंत पोचलं. ज्या संगीताचा सगळा जीव वेगळं वाजण्यात आहे, त्याच्या वाट्याला हा न्याय!

आता अख्खा अल्बम कशाला? किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या मेलबर्नच्या बँडचा ‘नॉनॅगॉन इन्फिनिटी’ (२०१६) घ्या. नऊ गाणी, एकातून दुसरं निघतं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि नववं संपतं ते थेट पहिल्याच्या सुरुवातीत. त्यातलं एकच गाणं कापून पाठवलं तर ऐकणाऱ्याला मधूनच सुरू होऊन मधूनच तुटणारं काहीतरी मिळतं.

मी कसं सुचवीन ते दाखवतो. किकागाकु मोयो, टोकियोचा बँड, अल्बम ‘मसाना टेम्पल्स’ (२०१८). पहिला छोटा तुकडा सतारीचा आहे. वाजवणारा ऱ्यू कुरोसावा भारतात येऊन सतारवादक मणिलाल नाग यांच्याकडे शिकलेला, त्यामुळे साठच्या दशकातल्या पाश्चात्त्य रॉकमध्ये सतार चवीपुरती यायची तसं इथे होत नाही, ती बँडच्या आत मुरलेली आहे. मग ‘ड्रिपिंग सन’. आधी डुलत चाललेली चाल, मग अचानक गिटार अंगावर येते, आणि तुम्ही सावरेपर्यंत सगळं पुन्हा मऊ होतं. आठेक मिनिटांचं गाणं आहे, घाई करू नका. शेवटचं ‘ब्लँकेट साँग’ रात्री ऐका. आवडलं तर पुढचा रस्ता: हा अल्बम लिस्बनमध्ये ब्रुनो पर्नादाश या जॅझवाल्या संगीतकाराने बसवला, त्याचे स्वतःचे अल्बम शोधा. आणि बँडमधल्या दोघांनी २०१४ साली सुरू केलेलं गुरुगुरु ब्रेन हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, धरा. तैवान, थायलंड, इंडोनेशियातले बँड त्यातून सापडतील. असा धागा हाती लागला की महिनाभर ऐकायची सोय होते.

खानदेशी कान

मनापासून लिहिलंय, पण मला मान्य नाही.

मी जळगावचा. माझ्या शाळा-कॉलेजच्या वर्तुळात हे संगीत ऐकणारं कोणी नव्हतं. माणूस सुचवील तेव्हा ऐकू म्हणालो असतो तर आजही काही ऐकलं नसतं. पुण्यात नोकरीला आल्यावर “जाणकार” भेटले, त्यांचा अनुभव सांगतो. टेम इम्पाला या सायकेडेलिक बँडचं नाव घेतलं की विचारायचे, कुठला अल्बम? ‘करंट्स’ म्हटलं की चेहरा पडायचा, कारण त्यांच्या मते खरा बँड त्याच्या आधीच्या, २०१२ च्या ‘लोनरिझम’ला संपला. म्हणजे २०१२ नंतर ऐकायला लागलेल्याला दारातूनच परत पाठवायचं. मशीनने मला कधी असं विचारलं नाही. कुठल्या कॉलेजचा, इंग्रजी कसं बोलतोस, कुठल्या गिगला होतास, काही नाही. एक गाणं ऐकलं, त्याने दुसरं दिलं.

तुम्ही म्हणता चार ओळी लिहा, नाहीतर सुचवू नका. ही अट ज्याला लिहिता येतं त्याच्याच सोयीची आहे. माझ्या एका मित्राला चार ओळी लिहायच्या म्हटल्या की घाम फुटतो, पण त्याचा कान आपल्या सगळ्यांपेक्षा तयार आहे. त्याने नुसती लिंक पाठवली तरी मी ऐकतो.

अरुणकाका, गिरगाव

दोघांचंही वाचलं. माझं वय सत्तरीच्या पुढे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आमच्या वेळी काळा घोड्याला रिदम हाऊस होतं. बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची. काउंटरवरच्या माणसाला तुमची आवड पाठ असायची, “हे ऐकून बघा” म्हणून तो एखादी रेकॉर्ड काढून द्यायचा. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा फार वाईट वाटलं. पण खानदेशी कान म्हणतात तेही खरं आहे. विलायती एलपी घेणं म्हणजे चैन होती, आणि ज्याच्याकडे एलपी त्याच्या घरी त्याच्या मर्जीने ऐकायचं. मर्जी नसली तर नाही.

आणि एक गोष्ट तुम्हा मंडळींच्या बोलण्यात कधी येत नाही म्हणून आवर्जून लिहितो. सिमला बीट नावाची बँडांची स्पर्धा असायची, सिगारेट कंपनीने भरवलेली. त्यातल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी निघाल्या. फझ गिटार (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची), ऑर्गन, सगळा सायकेडेलिक मामला, आणि वाजवणारी आपली पोरं. मुंबईचाच ॲटॉमिक फॉरेस्ट, त्यांचा ‘ऑब्सेशन’. आपल्याकडे हे सगळं विस्मरणात गेलं. पुढे लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या लेबलाने ‘ऑब्सेशन’ नव्याने काढला, तेव्हा आमच्या नातवाच्या पिढीला कळलं की इथेही हे होत होतं. नवा अल्बम म्हणजे काल निघालेलाच असं नाही. ज्याने ऐकला नाही त्याला तो नवाच.

चौथी तार

मी पुण्यात एका छोट्या इंडी बँडमध्ये बेस वाजवते. तुमच्या वादात पैशाचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहिते.

लिंक कुठली पाठवता याने आम्हाला फरक पडतो. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की एखादं गाणं बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचं मानधन मिळतच नाही. नव्या बँडच्या अल्बममधली दोन गाणी हा आकडा गाठतात, बाकीची आठ फुकट वाजत राहतात. बँडकॅम्प या संकेतस्थळावर बँड आपलं संगीत थेट विकतात; तिथे डिजिटल अल्बम विकला तर ते १५ टक्के ठेवतात, पेमेंटचा खर्च जाऊन बाकी बँडला मिळतं. मार्च २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. पन्नास जणांनी तिथे विकत घेतला तर आमचा स्टुडिओच्या एका दिवसाचा खर्च निघतो. मिक्सिंगला आम्ही दरवेळी पदरमोडच करतो.

कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागतो, त्याचा कंटाळा येतो हे मान्य. एकदाच करायचं असतं. आणि बँडकॅम्प म्हणजे देवस्थान नाही. २०२२ ला एका गेम कंपनीने घेतलं, २०२३ ला तिने पुढे विकलं, त्यात निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसावं लागलं. जाणकार मंडळी जुलै २०२५ मध्ये किंग गिझर्डने स्पॉटिफायवरून सगळे अल्बम काढून घेतल्याचं मोठ्या अभिमानाने सांगतात. स्पॉटिफायच्या तेव्हाच्या प्रमुखाने युद्धसामग्रीच्या कंपनीत पैसे गुंतवले म्हणून काढले, चांगलंच केलं. पण त्यांना ते परवडतं, त्यांचे कार्यक्रम जगभर भरतात. आम्ही काढून घेतले तर आम्ही गायब.

म्हणून पारवा, चार ओळी लिहा की नका लिहू, विकत घेण्याची लिंक मात्र टाका.

डोंबिवली फास्ट

अख्खा अल्बम, अख्खा अल्बम हे जरा अतीच होतंय. सव्वा तास लोकल, त्यात उभं राहायला जागा नाही, फोन मध्येच वाजतो. मी गाणं-गाणं करूनच ऐकतो, आणि माझं ऐकणं कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही.

शिवाय इतिहास तुमच्या बाजूने नाही. सायकेडेलिक आणि गॅरेज रॉक (हौशी पोरांच्या बँडांचं रांगडं रॉक) आधी वाढलं ते तीन मिनिटांच्या सिंगलवर. १९७२ साली इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने ‘नगेट्स’ हा दोन एलपींचा संग्रह काढला, त्यात बहुतेक १९६५ ते ६८ मधली अशी २७ गाणी, प्रत्येक बँडचं एकेकच. त्यातल्या बऱ्याच बँडांचा धड अल्बमही आठवणीत नाही, ते एकेक गाणंच उरलं. आणि त्याच संग्रहावर पुढच्या कितीतरी बँडांचे कान तयार झाले. मग एक गाणं पाठवलं तर बिघडलं कुठे?

पारवा

‘नगेट्स’ काढलात ते बरं झालं. तो संग्रह लेनी के या एका माणसाने निवडला. रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा, संगीतावर लिहिणारा. आणि त्याने प्रत्येक गाण्यावर टिपण लिहिलं: बँड कुठला, गाणं काय करतं. मी हेच मागतोय. एक गाणं पाठवायचं असेल तर पाठवा, अल्बमचा आग्रह मी तुमच्या लोकलसाठी सैल करतो, पण टिपण सोडत नाही.

खानदेशी कान, तुमच्याशी जे वागले ते चूकच वागले. त्याला सुचवणं म्हणत नाहीत, ती परीक्षा घेणं झालं. सुचवणारा स्वतः उघडा पडतो, मला हे आवडलं म्हणतो, समोरच्याने नाक मुरडलं तरी सोसतो. तुमच्या मित्राने लिंक पाठवली की तुम्ही ऐकता, कारण त्याचा कान तुम्हाला माहीत आहे. इतरांना तो माहीत नाही, म्हणून एक ओळ तरी हवी.

चौथी तार, विकत घेण्याची लिंक आधी टाकायला हवी होती, पुढे टाकीन.

यारा नदीकाठी

मी मेलबर्नहून लिहितेय. इथल्या ट्रिपल आर आणि पीबीएस या रेडिओ केंद्रांचा बराचसा खर्च ऐकणारे वर्गणी भरून उचलतात. निवेदक आपल्या आवडीने लावतात आणि का लावलं ते सांगतात. इथले छोटे बँड आधी त्यांच्यावरच ऐकायला मिळतात. इंटरनेटवर दोन्ही फुकट ऐकता येतात, जळगावातूनही. निवेदकाचा कंटाळा आला तर दुसरा कार्यक्रम लावा, कोणी परीक्षा घेत नाही.

मशीनची भीती मला वेगळ्या कारणाने वाटते. २०२५ च्या जूनमध्ये वेल्व्हेट सनडाउन नावाचा सायकेडेलिक रॉक बँड स्पॉटिफायवर उगवला, काही आठवड्यांत महिन्याला १० लाखांवर श्रोते. जुलैत त्यांच्याच पानावर कबुली आली की संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं आहे. मी ऐकलं. कुठेच काही चुकत नाही. गिटारवर उबदार रिव्हर्ब (आवाज घुमल्याचा परिणाम), सत्तरच्या दशकातला धूसर आवाज, आणि गाणं संपलं की त्यातलं काहीही आठवत नाही. सायकेडेलिकचीच नक्कल आधी का जमली याचा विचार करा. कारण धूसर आवाज आपण इतकी वर्षं प्लेलिस्ट भरायला वापरला, की त्याच्यामागे कोण आहे हे विचारायचंच सोडून दिलं.

डोंबिवली फास्ट

आणि ज्याला ते आवडलं त्याने काय करायचं? दहा लाख माणसं मूर्ख नव्हती.

यारा नदीकाठी

मूर्ख अजिबात नव्हती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं एवढंच. गाण्यावर तसं ठळक लिहिलेलं असावं आणि मग ज्याने त्याने ठरवावं, एवढीच माझी मागणी आहे.

खानदेशी कान

रेडिओ लावून बघतो, ताई. वर्गणी भरणाऱ्या श्रोत्यांची कल्पना आवडली. आपल्याकडे मराठीत असा एखादा कार्यक्रम निघाला तर पहिली वर्गणी माझी.

पण ऑटोप्ले मी बंद करणार नाही. पारवा यांच्या रीतीनेच सुचवतो आणि थांबतो. विच, झांबियाचा बँड, ‘लेझी बोन्स’, १९७५. तांब्याच्या खाणींचा देश, नुकता स्वतंत्र झालेला, आणि तिथली पोरं फझ गिटार घेऊन असं वाजवतात की अंगावर काटा येतो. ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, गिटार मध्येच ड्रमच्या पुढे घुसते. पहिल्यांदा ऐकताना मला ते खटकलं, आता त्याच्याशिवाय हा अल्बम नको वाटतो. विकत घेण्याची लिंक खाली आहे.

हा मला कुठल्या जाणकाराने दिला नाही. रात्रपाळीला गोदामात बसलो होतो, आधीचं काहीतरी संपलं आणि हा आपोआप सुरू झाला. तुम्ही म्हणाल तो कोणीतरी माणसानेच शोधून पुन्हा बाजारात आणलेला होता. आणला असेल. त्याची एलपी टपालखर्च आणि जकात धरून माझ्या आठवड्याच्या पगाराएवढी पडते. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यातल्या एकानेही मला कधी फोन केला नाही.